रिकामी वाटी परत करायची नसते

आई,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू असताना मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. मुंबईला शिकायला आले तेव्हा घरी पत्रं पाठवायचे, पण ती वडिलांच्या नावानं. त्याआधी, आम्ही लहान असताना, वडील मिठागरावर कारकून होते आणि हंगामात आठ-आठ दिवस घरी यायचे नाहीत, तेव्हा त्यांची चिठ्ठी आली की शेजारचे काका ती तुला वाचून दाखवायचे. ओटीवर बसून, चष्मा पुसून, खणखणीत आवाजात. तू दाराच्या आत उभी राहून ऐकायचीस आणि शेवटी विचारायचीस, "एवढंच?" आपल्या घरी आलेला कागदावरचा प्रत्येक शब्द आधी त्यांच्या तोंडून जायचा. आता तूही नाहीस आणि वडीलही नाहीत, आणि हे पत्र पोस्टात पडणार नाही. तेव्हा लिहायला हरकत नाही.

मी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत बायकांचं पान सांभाळते. तू गेलीस तेव्हा नुकती लागले होते. तुला ते काम काय असतं हे मी धड सांगितलं नव्हतं. लोणची, विणकाम, मुलांचा खोकला, सासू-सुनांनी एकमेकींशी कसं वागावं. गुरुवारी दुपारी पान छापायला जातं आणि माझ्यामुळे ते आजवर अडलेलं नाही. कोणताही विषय द्या, मी तासाभरात दोन रकाने लिहून देते. गेल्या महिन्यात संपादकांनी बोलावलं. एका उपनगरात एका लहान मुलीच्या बाबतीत वाईट प्रकार घडला होता. छापून फार आलं नाही, पण बोललं सगळीकडे जात होतं. संपादक म्हणाले, "बाई, पालक घाबरलेत. मुलींना असल्या गोष्टींपासून कसं जपावं, यावर द्या काहीतरी. तुम्ही स्वतः आई आहात. फक्त भाषा सभ्य ठेवा."

मी टेबलाशी बसले आणि पहिलं वाक्य लिहिलं: मुलगी एखाद्या घरी जायला नको म्हणाली, तर रागावण्याआधी तिला का म्हणून विचारा. त्यापुढे माझा हात चालेना. तासाभराचं काम आठवडाभर पडून राहिलं.

पनवेलचं आपलं स्वयंपाकघर. तू चुलीपुढे बसली आहेस, आमटीला उकळी आली आहे. तू पितळी वाटी विसळतेस, भरतेस, वर झाकण ठेवतेस आणि मला म्हणतेस, "जा, काकांना देऊन ये. सांडू नकोस." काकांच्या घरात बाईमाणूस नाही. बायको गेली, मूलबाळ नाही, शाळेत मास्तर आहेत, हातानं भात शिजवून खातात. संध्याकाळी आळीतली पोरं त्यांच्या ओटीवर पाढे म्हणतात, त्याचे ते काही घेत नाहीत. कुणाला ताप आला तर साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या देतात. वडील मिठागरावर असताना रात्री-अपरात्री हाक मारायला एवढं एकच घर. त्या घराला तू आमटी-भाजी पाठवायचीस, यात वावगं काही नव्हतं. शिवाय तू आणि आळीतल्या सगळ्याच बायका पाळायच्या तो नियम होता: आलेली वाटी रिकामी परत करायची नसते. दुसरं काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची.

काका तो नियम आपल्यापेक्षा काटेकोर पाळायचे. मी वाटी ठेवून निघाले की म्हणायचे, "अगं, रिकामी कशी नेशील? थांब. आत ये, बघू काय आहे डब्यात." मग दार लोटलं जायचं. डबा शोधेपर्यंत थांबायचं असायचं. तेवढ्या वेळात काका मला जवळ घ्यायचे, आणि ते घेणं तुझ्या किंवा वडिलांच्या घेण्यासारखं नव्हतं. याहून जास्त मी आजही लिहिणार नाही. तुला तेव्हाही यापेक्षा जास्त सांगावं लागलं नव्हतं. शेवटी वाटीत खडीसाखर पडायची, कधी काजू, आणि काका म्हणायचे, "घरी काही बोलू नकोस हं, आईला वाईट वाटेल." मी घरी यायचे. तू वाटीत डोकावून म्हणायचीस, "बघ, किती माया आहे माणसाला."

मी तुला सांगितलं होतं. एकदा तू विळीवर नारळ खवत होतीस तेव्हा मी म्हणाले, "आई, मला काकांचे हात आवडत नाहीत." नऊ वर्षांच्या पोरीकडे तेवढेच शब्द होते. तुझा हात थांबला नाही. "मोठ्या माणसांना नावं ठेवतेस? जीभ फार सुटलीय हल्ली. उद्यापासून दोन्ही वेळा त्यांच्या पाया पडायचं." मी पडले. दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ पडले. तू दारातून बघत होतीस, आणि काका माझ्या डोक्यावर हात ठेवून तुला म्हणाले, "गुणाची आहे हो पोर."

त्यानंतर किती दिवसांनी ते आठवत नाही, पण दुपार होती. मी वाटी घेऊन निघाले, काकांच्या पायरीपर्यंत गेले आणि आमटी गटारात ओतली. वाटीही फेकली आणि तिथंच बसले. सुकट विकायला गावाकडून एक बाई यायची, टोपलीखाली लुगड्याची चुंबळ, तोंडात तंबाखू, ती ओरडत आपल्या दारात आली, "अगो बाय, भायेर ये! तुजी पोर गटारीपाशी बसलीय, उठत नाय. आमी हाक मारली तर बोलत बी नाय. दिष्ट लागली काय गो तिला?" तू आलीस. आधी वाटी शोधलीस, तिला पोचा आला होता. मग माझ्या पाठीत धपाटा घातलास आणि हाताला धरून घरात आणलंस. सुकटवाली ओटीवर टेकून म्हणत राहिली, "मारू नको गो, मारू नको. मीठमोहऱ्या ओवाळ, सुटंल." तू माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्यास. मीठ वडिलांच्या आगरातलं, जाड. चुलीत ते तडतडलं आणि तू म्हणालीस, "बघ, केवढी लागली होती."

संध्याकाळी मात्र तू माझी वेणी घालत होतीस. तुझा चेहरा मला दिसत नव्हता. तू एकदम विचारलंस, "दार लोटतात?" मी म्हणाले, "हो." तुझे हात केसात थांबले. मी वाट पाहत होते. तू आणखी काही विचारशील, मला वळवून माझ्याकडे बघशील, रडशील, निदान मारशील. तू वेणी पुरी केलीस. फीत घट्ट बांधलीस, इतकी घट्ट की डोकं दुखलं. आणि म्हणालीस, "वडिलांपाशी बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून मला त्या घरी जावं लागलं नाही. हे तू केलंस, आणि त्या काळात ते किती होतं हे मला ठाऊक आहे. माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीच्या आईनं तिलाच बदडून काढलं होतं. तू मला सोडवलंस. पण वाटी जायची थांबली नाही. थांबली असती तर आळीनं विचारलं असतं, का म्हणून? वडिलांनी विचारलं असतं. काकांनी विचारलं असतं, आणि त्यांच्या बाजूनं सगळी आळी उभी राहिली असती. तेव्हा वाटी गेली. माझा धाकटा भाऊ घेऊन गेला. सहा वर्षांचा होता तो. दोन्ही हातांनी वाटी धरून, जीभ बाहेर काढून, एकेक पाऊल टाकत निघाला. तू दारातून ओरडलीस, "शाबास रे माझ्या वाघा!"

त्याच आठवड्यात तू कासारणीला घरात बोलावलंस. सण नाही, लग्न नाही. ती माझा हात दाबत म्हणाली, "काय वहिनी, जावई बघितलात की काय?" तू म्हणालीस, "आजारातून उठलीय पोर. हौस म्हणून." हिरव्या बांगड्या, दोन्ही हात भरून. मी आजारी कधी होते हे मला कळेना, पण बांगड्या मला फार आवडल्या. आज वाटतं, तुला जे बोलता आलं नाही ते तू काचेत दिलंस. मी तेव्हा ते घेतलं, आणि विषय मिटला असं आपण दोघींनी धरलं.

तर पहिल्या वाक्यापुढे मी हळूहळू लिहीत गेले. तुलाच सांगते आहे असं समजून लिहिलं, म्हणून जमलं. लिहिलं की मुलीला कुणाच्या मांडीवर बसायला, कुणाला पापा द्यायला भाग पाडू नका, तो माणूस घरचा असला तरी. अंगाच्या सगळ्या भागांना नावं असतात, ती मुलीला घरातच कळू द्या, म्हणजे वेळ आली तर तिला सांगायला शब्द असतील. तिला सांगून ठेवा की जो मोठा माणूस 'घरी सांगू नकोस' म्हणतो, त्याचीच गोष्ट आधी घरी सांगायची. आणि तिनं सांगितलं, तर 'तू कशाला गेलीस' हे पहिलं वाक्य तोंडातून काढू नका. पहिलं वाक्य हे असू द्या की सांगितलंस ते फार बरं केलंस, चूक तुझी नाही. नंतर पुन्हा त्या माणसापुढे तिला उभं करू नका, पाया पडायला तर मुळीच नको. आणि सर्वांत शेवटी लिहिलं, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता: हा माणूस बहुतेक वेळा ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मास्तर. ज्याच्यावर आपला विश्वास असतो, तो.

लेख पुरा झाला त्याच दिवशी भावजयीचं कार्ड आलं. आपलं घर आता तुझ्या मुलाचं आहे. बाजारात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, एक मुलगी आहे सात वर्षांची, दिसायला तुझ्यासारखी, हनुवटीवर तीच खळी. मी दर मे महिन्यात माझ्या मुलाला मामाकडे पाठवते. निर्धास्तपणे पाठवते, मुलगाच तर आहे. परत आला की त्याची एक तक्रार ठरलेली, "मामा दुपारी घरी राहू देत नाही. दुकानात बसवतो आणि पाण्यात ट्यूब बुडवून भोकं शोधायला लावतो." कार्डात भावजयीनं घरचं सगळं लिहिलं होतं आणि खाली लिहिलं होतं: काका आता फार थकले, चूल पेटवणं होत नाही. दोन्ही वेळचं ताट आपल्याकडूनच जातं. पोरं अजून येतात पाढ्यांना, तेवढाच त्यांना विरंगुळा.

दोन्ही वेळचं ताट. ते कोण नेत असेल हे कार्डात लिहिलेलं नव्हतं, पण मला सात वर्षांची पोर ताट घेऊन पायरी चढताना दिसायला लागली. रविवारी मी पनवेलला गेले.

जेवताना बोलले. पोरीला खेळायला पाठवलं आणि दोघांना सांगितलं. जे तुला सांगितलं होतं तेच, या वेळी मोठ्या माणसाच्या शब्दांत. तुला तेव्हाच सांगितलं होतं, हेही सांगितलं. भावजयीनं हातातली पळी तशीच धरली. तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा म्हणाली, "वन्सं, अहो काय बोलता! त्यांना उठून पाणी घ्यायची ताकद नाही."

"तेव्हा होती," मी म्हणाले.

"तुम्ही लहान होतात. लहानपणी काय काय वाटतं माणसाला. तुम्ही पेपरात काम करता, रोज असलंच वाचायचं..." मग तिनं नवऱ्याकडे बघितलं. "तुम्ही बोला की काही."

भाऊ भात कालवत होता. वर न बघता म्हणाला, "आई शेवटपर्यंत त्यांना जेवण पाठवत होती. तसलं काही असतं तर आईनं पाठवलं असतं?"

"तेच म्हणते मी," भावजय म्हणाली, आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिनं मला आग्रहानं भात वाढला.

आई, या एका वाक्यासाठी मी तुला लिहायला बसले आहे. तू गप्प राहिलीस ती मला वाचवायला, आळीत नाव जाऊ नये म्हणून, वडिलांचं डोकं फिरू नये म्हणून. ते सगळं खरं. पण तुझं गप्प राहणं त्या माणसाच्या बाजूची साक्ष होऊन बसलं. तू दिलेली ती साक्ष आता कोणी खोडू शकत नाही. तू नाहीस, आणि मला लहानपणी काहीतरी वाटलं होतं.

मला सोडायला भाऊ स्टँडपर्यंत आला. माझी पिशवी सायकलच्या हँडलला अडकवून तो चालत होता. तळ्याच्या कडेनं जाताना म्हणाला, "ताई, घरात ते बोलायला नको होतंस."

"मग कुठं बोलू? पाटी लावू बाजारात?"

"पोरगी त्या घरात गेलेली नाही. आजपर्यंत एकदाही नाही. ताट मी नेतो."

मी थांबले. "दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा. दुकान बंद करून येतो. बायको म्हणते, तुमची माया फार." तो हसला. "तुझा मुलगा येतो तेव्हा त्याला दुपारी दुकानात नेतो. चिडतो तो. चिडू दे."

"म्हणजे तुला माझं पटतंय. मग मघाशी..."

"पटायचं काय त्यात, ताई?" तो म्हणाला. "तुझ्यानंतर वाटी कोण नेत होतं?"

तळ्यावर बायका धुणं आपटत होत्या. एक म्हशीला शिव्या देत होती. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या कानशिलावरचे केस पिकायला लागले आहेत, हे मला तेव्हा दिसलं. एवढ्या वर्षांत माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं. मी पानभर लिहून ठेवलं होतं, त्यात मुलगी होती, तिला होती, तिनं होती. मुलगा कुठंच नव्हता.

"आईला सांगितलं नाहीस?"

"तू सांगितलंस तेव्हा तिनं मला पाठवलं," तो म्हणाला. "मी सांगितलं असतं तर कोणाला पाठवलं असतं? तिसरं मूल नव्हतं तिला."

हे त्यानं तुझ्यावर रागावून म्हटलं नाही, आई. पंक्चर कुठं आहे ते गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं. तुला वाटलं असेल, मुलाला काय होतंय. मलाही तसंच वाटत आलं होतं.

मी म्हणाले, "मग ताट बंद कर. उद्यापासून बंद कर."

"बंद केलं तर घरात विचारतील, का? काय सांगू? बायकोला हे सांगू?" तो सायकल ढकलत राहिला. "शिवाय मी बंद केलं की समोरचे सुरू करतील. पुण्य लागतं ना. मग त्यांची पोरं नेतील."

"आणि ओटीवर पाढे म्हणायला बसतात ती?"

"त्यांना आईबाप आहेत."

"आपल्यालाही होते," मी म्हणाले.

त्यानं ब्रेक उगाच दोनदा दाबला. आम्ही स्टँडवर पोहोचलो. पळस्प्याकडून ठाण्याची गाडी आली, भरलेली. त्यानं मला खिडकीची जागा मिळवून दिली, बाहेरून पिशवी आत दिली आणि म्हणाला, "पोहोचलीस की कार्ड टाक. आणि ताई, पुन्हा हा विषय नको. माझं चाललंय." त्याचं चाललंय. त्याची मुलगी सुखरूप आहे, माझा मुलगा सुखरूप आहे, आणि संध्याकाळी आळीतली दहा-बारा मुलं त्या ओटीवर बसून एकोणतीसचा पाढा म्हणत असतात. प्रत्येकानं आपलं वाचवायचं आणि गप्प बसायचं, हे आपल्या घरानं तुझ्याकडून नीट शिकून घेतलं आहे.

घरी आल्यावर मी मुलाला समोर बसवलं. लेखात लिहिलं होतं ते सगळं त्याला सांगायला सुरुवात केली. तो मान खाली घालून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "मामानं सांगितलंय मला हे. मागच्या सुटीत. तुला सांगू नको म्हणाला, तुला लाज वाटेल." एवढं बोलून तो पळाला.

मग लेख पुन्हा लिहिला. सगळीकडे मुलगा घातला. संपादकांनी वाचला. वाईट माणूस नाही तो, आई. त्यांना दोन मुली आहेत. बराच वेळ त्यांनी कागद खाली ठेवला नाही. मग म्हणाले, "बाई, तुम्ही लिहिलंय ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण हे पान घरात सासूही वाचते, दीरही वाचतो. शेजारी, नातेवाईक, मास्तर... उद्या ऑफिसात दगड येतील. 'अनोळखी इसम' करा."

"अनोळखी इसम घरात कसा येईल?"

"वाचक समजून घेतात. आणि हे मुलग्यांचं काढून टाका, लोक हसतील. मुलग्यांना काय होतंय?"

गुरुवार होता. छापखान्यात खिळे जुळवणारे खोळंबले होते. मी वाद घातला, पण तो घड्याळाकडे बघत घातलेला वाद होता. शेवटी मी स्वतःच बदल केले, कारण दुसऱ्यानं केले असते तर वाक्यं बिघडली असती. पान वेळेवर गेलं.

लेखाला पत्रं आली. बहुतेक कौतुकाची. एक या आठवड्यात आलं, त्या बाईंचं अक्षर चांगलं आहे. त्या नोकरी करतात. मुलं शाळेतून आल्यावर चाळीच्या अंगणात खेळायची. आपला लेख वाचल्यापासून मी सावध झाले, असं त्या लिहितात. अंगणात कोण कोण अनोळखी येतं सांगता येत नाही, म्हणून आता मी येईपर्यंत दोन्ही मुलांना खालच्या खोलीतल्या एका वयस्कर गृहस्थांकडे बसवते. एकटेच असतात, देवमाणूस आहेत, मुलांना जीव लावतात. आपले फार उपकार झाले. खाली सही, 'एक आभारी आई'. पत्ता नाही.

मी तिच्यासाठी पानात छापायला चार ओळींचं उत्तर लिहून संपादकांकडे नेलं. ते म्हणाले, "आभाराच्या पत्राला उत्तर कशाला? पत्र छापून टाका नुसतं." मी म्हणाले छापणार नाही. ते म्हणाले, बरं. एवढ्यावर ते मिटलं. त्या चाळीत ती दोन मुलं आत्ता, मी हे लिहिते आहे त्या वेळी, खालच्या खोलीत बसलेली असतील. ही चाळ कुठली, हे मला कधी कळणार नाही. एखादी ओळखीची बाई असती तर मी तिच्या दारात जाऊन बसले असते. पण भावाच्या घरात जाऊन बसले होते, त्यानं काय झालं?

तुला दोष द्यावा म्हणून हे लिहायला घेतलं होतं, असं मला सुरुवातीला वाटलं. आता वाटत नाही. तुझ्याकडे शब्द नव्हते, पैसा नव्हता, नवरा मिठागरावर होता. माझ्याकडे शब्द आहेत, पगार आहे, अख्खं पान आहे, आणि मी तुझ्यापेक्षा फारसं वेगळं काही केलेलं नाही.

एक राहिलं. तळ्याकाठी भाऊ ते बोलला तेव्हा मला रडू आलं नाही. रागही नंतर आला. पहिल्यांदा, अगदी पहिल्या क्षणी, मला हायसं वाटलं. माझ्यातच काहीतरी होतं म्हणून ते माझ्या वाट्याला आलं, असं मी आयुष्यभर धरून चालले होते. तसं नव्हतं. तो सहा वर्षांचा होता, माझा धाकटा भाऊ, आणि मला हायसं वाटलं. हे मी त्याला कधी सांगणार नाही.